दरवाजेसाहेब आणि सत्ताविसावं मूल

दरवाजेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नगरपालिकेच्या अग्निसुरक्षा खात्यात ते तपासनीस आहेत, आणि कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं की माणसांच्या आधी त्यांची नजर दारांकडे जाते, म्हणून खात्यातल्या मंडळींनी हे नाव त्यांना चिकटवलं. ते इतकं चपखल बसलं की हल्ली फोनवर साहेब स्वतःच चुकून तेच सांगून जातात.

वय अडतीस, पोट नुकतंच सुटायला लागलेलं, आवाज मऊ. माणूस सज्जन, पण त्यांच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे शिक्षा. सिनेमाला गेले की कडेची खुर्ची, तीही दाराजवळची. पडद्यावर नायक शेवटच्या घटका मोजत असला तरी साहेबांचा एक डोळा बाहेर जायच्या हिरव्या पाटीवर. लग्नाची बोलणी करायला पहिल्यांदा सासुरवाडीला गेले, तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी कौतुकाने विचारलं, "कसं वाटलं आमचं घर?" साहेब म्हणाले, "छान आहे. फक्त मागच्या जिन्यावरच्या कुंड्या हलवा." सासूबाई ही हकिगत अजून येईल त्याला सांगतात आणि दर वेळी नव्याने चिडतात. लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि नवरदेव एकटाच डावीकडे, फोटोच्या बाहेर. तिकडे हॉलचं बाजूचं दार होतं आणि दारात कोणीतरी खुर्ची टाकून ठेवली होती. फोटो निघाल्याबरोबर नवरदेवाने उठून ती खुर्ची हलवली. हारासकट.

खात्यात मात्र साहेबांचा शब्द शेवटचा. इतरांना जिथे कपाट दिसतं, तिथे साहेबांना अडवलेली वाट दिसते. एका बेकरीच्या मागच्या बाजूला पिठाच्या पोत्यांआड चाळीस वर्षं बुजलेलं दार त्यांनी नुसत्या वाऱ्याच्या झुळकीवरून शोधून काढलं, तेव्हा बेकरीवाल्याने तोंडात बोट घातलं. वरिष्ठांनी दोनदा प्रशस्तिपत्रक दिलं. ही नजर या माणसाकडे आली कुठून, हे कोणी विचारलं नाही. ज्याचं सगळीकडे कौतुक होतं, त्यावर इलाज करावा असं कोणाच्या डोक्यात येणार?

आता खरी गंमत अशी की पळून जायची वेळ साहेबांवर कधी आलेलीच नाही. पळाले ते त्यांचे आईबाप. साहेबांचा जन्म इथला, मोठ्या सरकारी दवाखान्यातला. दवाखान्यापासून घरापर्यंतचा अर्ध्या तासाचा प्रवास एवढंच त्यांचं आयुष्यातलं स्थलांतर, आणि तेही झोपेत झालं.

पण घरात 'तिकडे' होतं. आईबापांच्या बोलण्यात जुन्या गावाला नाव नव्हतं, 'तिकडे' म्हटलं की झालं. तिकडचं अंगण, तिकडचं पाणी, तिकडचा धाकटा काका. वडील दवाखान्याच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायचे आणि आई घरी मशीनवर उशांचे अभ्रे शिवायची. दोन खोल्यांच्या त्या घरात एकही वस्तू अशी नव्हती की जी दोन माणसांना उचलून पळता येणार नाही. खुर्च्या घडीच्या, टेबल घडीचं, खाटा घडीच्या. पाहुणा जोरात हसला तर खुर्ची मिटायची. साहेबांच्या बायकोच्या माहेरी जेवणाचं टेबल असं होतं की ते हलवायला चार गडी लागत आणि पाचवा सूचना द्यायला. त्या टेबलाशी पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा साहेबांना घास गिळवेना. "एवढं जड कशाला ठेवायचं?" त्यांनी बायकोला हळूच विचारलं. बायको इथलीच, पिढ्यान्‌पिढ्यांची. तिला प्रश्नच कळला नाही.

तिकडची एक गोष्ट त्या घरात वारंवार सांगितली जायची, आणि ती विनोदी गोष्ट म्हणून सांगितली जायची. शिपाई आले, म्हणाले, सगळे मैदानात चला, नावं लिहून घ्यायची आहेत, अर्ध्या तासात घरी जाल. सगळे रांगेत उभे राहिले. एक जण पुढून मोजत येऊ लागला. साहेबांचे वडील मधेच म्हणाले, "साहेब, लघवीला जाऊन येतो," आणि भिंतीआड गेले ते गेलेच. घरी आले, आईला हाताला धरलं आणि मागच्या शेतातून निघाले. "लघवीने वाचवलं मला," असं म्हणून वडील मांडीवर थाप मारून हसायचे. धाकटा काका त्याच रांगेत होता. तो भाग गोष्टीत नसायचा. गोष्ट संपली की आई मशीन जोरात चालवायची.

त्यातून घरात दोन नियम आले. गडबड झाली की घोळक्यात थांबायचं नाही, सरळ घर गाठायचं. आणि कोणी मोजत असेल तर त्याच्यापुढे उभं राहायचं नाही.

नियम उत्तम, पण नव्या देशात माणसाला दिवसातून चार वेळा रांगेत उभं राहावं लागतं. परवान्याची कचेरी, दवाखान्याची खिडकी, शाळेचा प्रवेश, सगळीकडे रांग. आईबापांचे पाय तिथे उचलतच नसत. मग त्यांनी तोड काढली ती ही, की मुलगा इथे जन्मलाय, त्याला कोण काय करणार? तेव्हा ते साहेब झालेले नव्हते, म्हणून त्या काळापुरतं एकेरीच बोलू. वयाच्या सहाव्या वर्षापासून तो सगळ्या घरादाराच्या वाटचा रांगेत उभा राहिला. हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी, पुढे मोठ्या माणसांच्या पाठी. खिडकीतल्या बाई वाकून म्हणायच्या, "अगं बाई, केवढं शहाणं पोर!" तो हसायचा. आतून गालाचं मांस दातांत धरून ठेवायचा, कारण पोटात उसळलेला गोळा तसा केला तरच खाली बसायचा. ती रांगेची गोष्ट त्याला पाठ होती, धाकट्या काकाचा न सांगितलेला भागसुद्धा. घरी आल्यावर आई विचारायची, "झालं काम?" तो म्हणायचा, "झालं." दुसरं काही कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. डाव्या गालाच्या आत अजून एक कठीण गाठ आहे. दातांच्या डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा साहेबांनी सांगितलं, सुपारीची सवय होती. उभ्या आयुष्यात त्यांनी सुपारी खाल्लेली नाही.

साहेबांना एकच मुलगी. पुढचे दोन दात जरा मोठे आणि पायांना चाकं, म्हणून घरात तिला सगळे खार म्हणतात. वय सात, इयत्ता दुसरी. बाप कामावरून आला की दोघांचा एक खेळ चालायचा, 'दारं-दारं'. नवीन जागी गेलं की दहा आकडे मोजायच्या आत बाहेर पडायच्या सगळ्या वाटा सांगायच्या. खार त्यात पटाईत. मामाच्या घरी तर तिने न्हाणीघराची खिडकीसुद्धा हिशेबात धरली. साहेबांची छाती फुगली.

"अरे, मुलांना बाहुल्या देतात," बायको म्हणाली.

"खेळच आहे गं," साहेब म्हणाले. "झालाच तर उपयोगच होईल."

शाळा सुटल्यावर खार आजीकडे जायची. आजीचं घर शाळेपासून चार गल्ल्या पलीकडे. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली होती. आजी अजून मशीनवर अभ्रे शिवते, आता नातेवाइकांसाठी, आणि कोणाच्या घरात एवढ्या उशा नाहीत तरी शिवतेच. शिवता शिवता ती नातीला आजोबांच्या हुशारीची गोष्ट सांगायची. खार पोट धरून हसायची. एकदाच तिने विचारलं होतं, "मग बाकीचे?" आजी म्हणाली, "बाकीचे थांबले." आणि सुईत दोरा ओवायला चष्मा शोधू लागली.

आणि मग शाळेत आगीच्या सरावाचा दिवस आला. तपासनीस कोण? अर्थात आपले दरवाजेसाहेब. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ, कपड्यांना कडक इस्त्री. लेकीची शाळा म्हणून जरा जास्तच रुबाब. अकरा वाजता घंटा झाली. वर्ग भराभर रिकामे झाले, मुलं जिन्याची डावी बाजू धरून खाली आली आणि मैदानाच्या भिंतीशी वर्गवार उभी राहिली. दोन मिनिटं पन्नास सेकंद! साहेब मनात म्हणाले, अशी शाळा पाहिली नाही. एकेक बाई हजेरीची वही घेऊन मोजू लागल्या. दुसरीच्या बाईंनी मोजलं, पुन्हा मोजलं, मग त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला.

"साहेब, सव्वीसच आहेत. एक कमी आहे."

"कोण?" साहेबांनी तपासणीच्या आवाजात विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

पुढची वीस मिनिटं लिहिण्यासारखी नाहीत. शाळेतलं प्रत्येक कपाट उघडून झालं, मुख्याध्यापिकांनी स्वतः गच्ची पाहिली, शिपाई पाण्याच्या टाकीत डोकावला. ज्या माणसाने पाच हजार इमारतींच्या वाटा तोंडपाठ केल्या होत्या, त्याला आपली पोर कुठल्या वाटेने गेली ते सुचेना. साहेबांची पाचावर धारण बसली. मग प्रयोगशाळेमागचं छोटं फाटक त्यांना अर्धवट उघडं दिसलं, आणि त्यांना कळलं. ते फाटक त्यांनीच तिला मागच्या महिन्यात दाखवलं होतं. साहेब धावत सुटले. शिट्टी छातीवर आपटत होती, लोक वळून बघत होते.

आईचं दार उघडंच होतं. घडीच्या टेबलाशी खार बसली होती, पुढे दूध, बिस्किटं. आजी शेजारी उभी राहून तिच्या केसांवरून हात फिरवत होती, आणि आजीचा चेहरा साहेबांनी कधी पाहिला नव्हता इतका उजळला होता.

"बघ," आई म्हणाली, "घंटा झाली आणि ही थेट घरी! कोणासाठी थांबली नाही. आजोबांचं रक्त आहे."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. आणि खरं सांगायचं तर, त्याच क्षणी त्यांनी मनात हिशेब केला, की फाटकापासून घरापर्यंत ही पोर चार मिनिटांत आली असणार, आणि त्यांना अभिमानही वाटला. क्षणभरच, पण वाटला. हे त्यांनी बायकोलाही पुढे बरेच दिवस सांगितलं नाही.

मग खारीने दुधाचा पेला बाजूला सारला. "बाबा," ती म्हणाली, "त्यांना नेलं का?"

"कोणाला?"

"सगळ्यांना. बाई मोजायला आल्या होत्या." तिचा ओठ थरथरायला लागला. "लांबवेणीला मी सांगितलंच नाही. ती माझ्या पुढे होती. सांगितलं असतं तर तीपण आली असती."

लांबवेणी म्हणजे तिच्या बाकावर बसणारी मैत्रीण. साहेबांनी खारीला जवळ घेतलं, कोणालाही कोणी नेलेलं नाही, सगळी मुलं वर्गात परत गेली आहेत, लांबवेणी आता डबा खात असेल, असं दहा वेळा सांगितलं. खार ऐकत होती आणि सदऱ्याची बाही दातांत धरून चावत होती. आजीने मशीनकडे जाऊन पाठ फिरवली. तिचा उजळलेला चेहरा गेला होता.

त्यानंतर खार शाळेत जायला तयार होईना. गेली तर दप्तर पाठीवरून उतरवेना, हजेरीच्या वेळी तिचं पोट दुखे. दोन बाह्या चावून चावून जाळीच्या झाल्या. कोणी शिंकलं तरी दाराकडे बघायची. बायकोने साहेबांना समोर बसवलं.

"तुझ्यासारखी होत चाललीय ती," ती म्हणाली. "तुझं मी आजवर हसण्यावारी नेलं. चुकलं माझं. पण तिचं नाही नेणार."

साहेबांना हे लागलं. तरी ते गेले, कारण मुलीचा प्रश्न होता. शाळेने ज्यांचं नाव सुचवलं त्या समुपदेशक बाई एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत बसत. खारीला त्यांनी चित्रं काढायला दिली. साहेब बाहेरच्या बाकावर. दुसऱ्या खेपेला बाईंनी त्यांनाच आत बोलावलं, एकट्यांना. साहेब आत शिरले आणि दारातच थबकले. खोलीला एकच दार होतं, आणि खिडकीपुढे पुस्तकांचं कपाट.

"बसा ना," बाई म्हणाल्या.

"या खोलीला दुसरी वाट नाही," साहेब म्हणाले.

"नाही. तुम्हाला हवी तर दाराजवळची खुर्ची घ्या."

साहेबांनी ती घेतली. पुढची चाळीस मिनिटं त्यांनी बाईंना आपोआप मिटणारी दारं, त्यांच्या बिजागऱ्या, आणि माणसं घाबरली की दार ओढतात की ढकलतात, यावर व्याख्यान दिलं. बाईंनी तक्रार न करता ऐकलं. वेळ संपत आल्यावर त्यांनी विचारलं, "सरावाच्या वेळी तुम्ही कुठे उभे असता?"

"समोर. मोजायला."

"आणि रांगेत?"

"मी कशाला रांगेत उभा राहू? मी तपासनीस आहे."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही मोजता. तुम्हाला कोणी मोजत नाही."

साहेब तडक उठले, घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी काय करावं? खिडकीची वाट अडवल्याबद्दल बाईंना रीतसर सरकारी नोटीस पाठवली. सात दिवसांत कपाट हलवावे. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. पुढच्या खेपेला मात्र कपाट हललेलं होतं, खिडकी उघडी होती आणि बाईंनी साहेबांना नुसतं म्हटलं, "धन्यवाद, खरंच उजेड वाढला." अशा माणसापुढे चिडून तरी काय करणार? साहेब बसले आणि रांगेचं सांगायला लागले. प्लास्टिकची पिशवी, मोठ्या माणसांच्या पाठी, गालाची गाठ. सांगता सांगता त्यांचा आवाज सहा वर्षांच्या मुलासारखा झाला आणि त्यांना त्याची लाज वाटली.

"हे आईला कधी सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"तिने इतकं सोसलं. तिला कुठे हे आणखी?"

"तुमची मुलगीही तेच म्हणाली," बाई म्हणाल्या. "पोट दुखतं हे बाबांना सांगू नका, त्यांना टेन्शन येतं, असं."

त्या वाक्याने साहेबांना पायाखालून जमीन काढून घेतल्यासारखं झालं. तिथून ते थेट आईकडे गेले. आई अभ्र्यांना इस्त्री करत होती. साहेबांनी चपलाही काढल्या नाहीत.

"आई, तुम्हा दोघांना रांगेची भीती वाटायची."

"वाटायची. अजून वाटते."

"मग मला का पाठवायचात?"

आईने इस्त्री उभी केली. "तू इथला. तुला काय होणार होतं?"

"मलापण भीती वाटायची, आई. तुमच्याच गोष्टीची. दर वेळी वाटायचं, आज मोजतील आणि नेतील."

आईने इस्त्री बंद केली. मग म्हणाली, "तू बाहेर यायचास तेव्हा हसत यायचास."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"तुझे बाबा समोरच्या कोपऱ्यावर उभे असायचे," आई म्हणाली. "दर वेळी. तू आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत. घरी आले की सदरा पिळून काढावा इतका घाम. मी म्हणायचे, मग जा ना आत त्याच्याबरोबर. ते म्हणायचे, पाय उचलत नाही गं. पोर उभं राहतं आणि माझा पाय उचलत नाही."

साहेबांना हे ठाऊक नव्हतं. ते घडीच्या खुर्चीवर बसले आणि रडले. मनसोक्त, नाक ओढत, जसं त्या कचेरीच्या दारात रडायला हवं होतं तसं. त्यांना रागही आला होता, बापाचा, जो कोपऱ्यावर उभा राहिला आणि पुढे आला नाही. आणि त्याच बापाची इतकी माया दाटून आली की काय करावं कळेना. आईने इस्त्री केलेला नवाकोरा अभ्रा त्यांच्या हातात दिला. साहेबांनी त्यात नाक शिंकरलं.

"चुकलं आमचं," आई म्हणाली. "विचारायला हवं होतं. पोरीलाही मी ती गोष्ट हसून सांगितली, तेही चुकलं. काय करू सांग."

"तिला काकाचं सांग," साहेब म्हणाले. "आणि ते तिकडचं होतं, इथलं नाही, हेही सांग."

आजीने सांगितलं. धाकट्या काकाचं नाव तिने चाळीस वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं, आणि सांगताना ती हसली नाही. खार त्या दिवशी आजीच्या मांडीवर झोपली. लगेच सगळं सुरळीत झालं अशातला भाग नाही. पण दप्तर पाठीवरून उतरून मांडीवर आलं आणि आठवडाभराने बाकाखाली गेलं. पोटदुखी दिवसाआड झाली. 'दारं-दारं' खेळ बंद झाला. त्याऐवजी साहेब तिला सायकल शिकवायला लागले आणि गुडघे फोडून घ्यायला लागले, स्वतःचे.

राहिला होता तो दुसरा सराव. एक मूल कमी भरल्यामुळे तो नियमाने पुन्हा घ्यावाच लागणार होता. खारीने साफ सांगितलं, "मी घरी जाणार." समुपदेशक बाई म्हणाल्या, जबरदस्ती करू नका, तिला काय हवंय ते विचारा. साहेबांनी विचारलं. सात वर्षांच्या मुलीने बराच विचार केला, बाही तोंडाकडे नेली, परत खाली आणली, आणि म्हणाली, "तू माझ्या मागे उभा राहिलास तर."

साहेबांची जीभ गालातल्या गाठीवर गेली. जुनी, ओळखीची. "मला मोजायचं असतं गं," ते म्हणाले.

"मग मी घरी जाईन," खार म्हणाली. यात हट्ट नव्हता, नुसती माहिती होती.

साहेबांनी खात्यातून दुसरा तपासनीस मागवला. वरिष्ठांनी कारण विचारलं. साहेबांनी अर्जात काहीबाही तीन कारणं लिहिली, ती खोडली, आणि लिहिलं: मला मुलीच्या वर्गाच्या रांगेत उभे राहायचे आहे. वरिष्ठांनी तो अर्ज दोनदा वाचला आणि सही केली.

घंटा झाली. मुलं जिन्याची डावी बाजू धरून उतरली. दुसरीचा वर्ग भिंतीशी उभा राहिला, आणि रांगेच्या शेवटी, पोटाखाली पट्टा सावरत, आपले साहेब. पोरं खुसखुसली. "काका नापास झाले वाटतं," कोणीतरी म्हणालं. लांबवेणी खारीच्या पुढे होती. खारीने तिच्या वेणीचं टोक मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं आणि लांबवेणी बिचारी मान वाकडी करून मुकाट उभी होती.

वर्गबाई वही घेऊन पहिल्या मुलापाशी आल्या आणि मोजायला लागल्या. एक. दोन. तीन. गालाचं मांस आपोआप दातांत गेलं. समोर फाटक होतं, उजवीकडे जिना, मागे भिंत, भिंतीला वाट नाही. बारा. तेरा. सदऱ्याआत घामाची धार पाठीवरून खाली गेली. चौदा. आपल्याला पळून जावंसं वाटतंय, हे साहेबांना अगदी स्वच्छ कळलं. त्यांनी दात सोडले. गाल सोडला. तोंड नुसतंच उघडं राहिलं, मासोळीसारखं.

खारीने मान वळवून वर पाहिलं. मुलं फार वेळ बघत नाहीत, पण बघतात तेव्हा सगळं बघतात.

"बाबा, तुला भीती वाटतेय?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांना बत्तीस वर्षं पाठ होतं. हसायचं आणि नाही म्हणायचं.

"हो," साहेब म्हणाले.

"खूप?"

"खूप."

खारीने विचार केला. वीस, एकवीस. मग ती वेणी न सोडता मागे रेलली आणि कुजबुजली, "मग तू जा. मी उभी राहते तुझ्या वाटची. मला जमतंय आता."

इतकं सोपं होतं. पोर हुशार होती, शहाणी होती, उभी राहिलीही असती. सगळ्यांनी कौतुक केलं असतं. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या बापाला कसं वाटत असेल ते त्यांना त्या क्षणी जितकं कळलं, तितकं आईच्या सांगण्यानेही कळलं नव्हतं. पाय त्यांनी तिथेच ठेवले.

"नाही, बाळा," ते म्हणाले. "माझ्या वाटचा मीच उभा राहणार. तू फक्त तुझी उभी राहा."

"बरं," खार म्हणाली, आणि पुढे वळली. बाईंनी तिच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाल्या, सत्तावीस. लांबवेणीने मागे हात करून आपली वेणी सोडवून घेतली, यावरून दोघींचं भांडण जुंपलं, आणि खार आपल्या बापाला विसरून गेली.

बाई साहेबांपाशी येऊन थांबल्या. वहीत त्यांचं नाव नव्हतं. "तुम्हालाही मोजू का?" त्यांनी संकोचून विचारलं.

"मोजा," साहेब म्हणाले.